वाचक विचारतात : राइस कुकर, एक खोली आणि दोन वेळचं जेवण

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. गॅसला परवानगी नाही, म्हणून एक लिटरचा राइस कुकर घेतला. खिचडी लावली की दहा मिनिटांत बटण ‘वॉर्म’वर येतं. तांदूळ अर्धे कच्चे आणि बुडाशी करपलेले. कुकर खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. या कुकरला वेळ कळत नाही, भात शिजला की नाही हेही कळत नाही. त्याला फक्त भांड्याचा तळ किती तापला तेवढंच समजतं. तळाशी पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास राहतं. पाणी संपलं की ते झपाट्याने चढतं, आतल्या चुंबकाची पकड सुटते आणि बटण उडतं. म्हणजे तुमच्या कुकरचा तळ पाणी असतानाच तापतोय.

याचं नेहमीचं कारण म्हणजे कांदा, टोमॅटो आणि मसाला आधी तळाशी घालून त्यावर डाळ-तांदूळ लोटणं. तो लगदा बुडाला चिकटतो, त्याखाली पाणी पोचत नाही. दुसरं कारण, भांडं बाहेरून ओलं असणं किंवा तापणाऱ्या तबकडीवर भाताचं एखादं शीत पडलेलं असणं. भांडं तिरकं बसतं, उष्णता एकाच जागी लागते. भांडं ठेवण्याआधी त्याचा बाहेरचा तळ आणि तबकडी कोरड्या फडक्याने पुसायची, मग भांडं डावी-उजवीकडे जरासं फिरवून नीट बसवायचं.

एका माणसाचं प्रमाण : कुकरसोबत आलेल्या कपाने (तो बहुधा १८० मिलीचा असतो, घरातला मोठा कप नव्हे) अर्धा कप तांदूळ, पाव कप मूगडाळ, अडीच कप पाणी. डाळ-तांदूळ तीनदा धुऊन वीस मिनिटं भिजवा. हळद, हिंग, मीठ, चमचाभर तूप घालून तळापासून ढवळा. चिरलेला कांदा-टोमॅटो वरून पसरा, ढवळू नका. दहा मिनिटांनी एकदा झाकण उघडून तळ खरवडून हलवा. बटण उडालं की आणखी दहा मिनिटं झाकण तसंच ठेवा. उरलेलं शिजणं तेव्हाच होतं.

तरीही बटण लवकर उडालं, तर अर्धा कप पाणी घालून ढवळा आणि पाच-सात मिनिटं थांबा. तळ निवल्याशिवाय बटण खाली बसत नाही. काडी किंवा चमचा अडकवून ते दाबून धरण्याची युक्ती खोल्याखोल्यांत चालते. ती करू नका. आतला फ्यूज जाऊ शकतो आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो.

तूरडाळीचा मोह टाळा. इथे प्रेशर नाही, ती बोटचेपी व्हायला तासभर घेते. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्याहून जास्त. मूग, मसूर आणि मोड आलेली मटकी चालतात. राजमा मात्र यात नकोच.

प्रश्न : कुकरमध्येच फोडणी करता येईल का? मोहरी तडतडतच नाही.

उत्तर : तडतडणार नाही. मोहरी फुटायला तेल चांगलं कडकडीत लागतं, आणि तुमचा कुकर त्याच्या कितीतरी आधी बटण सोडतो. कच्ची मोहरी कडवट लागते, तेव्हा तिचा नाद सोडा. तेलात कांदा मऊ होईपर्यंत परतता येतो, तेवढं पुरे. चवीसाठी वरून तूप आणि मेतकूट, किंवा गोडा मसाला आणि ओलं खोबरं.

प्रश्न : मावळातला नवा इंद्रायणी आणला. कुकरमध्ये त्याचा गिचका होतो, शिवाय झाकणातून पेज उतू जाते. – गृहिणी, कर्वेनगर

उत्तर : इंद्रायणी मुळातच चिकट, त्यात नवा. कोलमला एकास दोन पाणी लागतं. याला एकास दीड घाला. जुना होत जाईल तसं पाणी पाव-पाव कपाने वाढवा. पेज उतू जाते ती पिठामुळे, म्हणून पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत धुवा आणि थेंबभर तेल घाला. गुरगुट्या भात किंवा खिचडी करताना भांडं निम्म्याहून जास्त भरू नका.

प्रश्न : भाताबरोबर आणखी काही शिजेल का? वीज किती जाते?

उत्तर : वरची जाळी त्यासाठीच असते. बटाट्याच्या बोटभर जाड फोडी, गाजर, फ्लॉवर भाताच्या सुरुवातीपासून ठेवा. पालक शेवटच्या पाच मिनिटांत. धुतलेली अंडीही जाळीत पंधरा मिनिटांत कडक होतात. कोथिंबीर वडीचे उंडे वाफवायचे असतील तर खाली भाताऐवजी दोन कप पाणी आणि वीस मिनिटं.

७०० वॉटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.३५ युनिट. एक लिटरचा ४०० वॉटचा असेल तर ०.२.

सकाळच्या फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात कुकर बंद करून त्यातच ठेवण्याची पद्धत मात्र मोडा. कोमट भातात जे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात ताटात पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर रात्री एका वेळेपुरताच लावा.