सत्तर रुपये कोणी लिहिले?

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्याकडे सगळे जमले की 'अशी ही बनवाबनवी' लागतोच लागतो. या वेळी माझी लेक मधेच उठली, म्हणाली आई, चार माणसं एका बाईला फसवून तिच्या घरात राहतात यात एवढं हसायला काय आहे? तिचा भाऊ म्हणतो पिक्चरला लॉजिक लावायचं नसतं. दोघांचं चांगलंच वाजलं. तुम्हाला काय वाटतं, पिक्चर खरंच भारी आहे की जुना म्हणून आपण उगाच डोक्यावर घेतो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, लेकीला आधी सांगा की प्रश्न बरोबर आहे. खोटे डोहाळे, खोटी बायको, हे सगळं आज बघताना मलाही एकदोन ठिकाणी खटकतं. पण ते फसवतात का, तर खोली मिळत नाही म्हणून, घरमालकिणीला जोडपीच हवीत म्हणून. आज हिंजवडीत नाहीतर वाकडला फ्लॅट शोधणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, ब्रोकर पहिलंच वाक्य काय बोलतो? बॅचलर की फॅमिली? १९८८ चा पिक्चर आहे आणि ती अडचण अजून तशीच आहे, म्हणून तर हॉस्टेलची पोरं तो आपलाच असल्यासारखा बघतात.

आता भारी आहे का? आहे, आणि का ते सांगते, कारण हे मला खूप दिवस लिहायचं होतं. हीच गोष्ट हिंदीत आधी येऊन गेलेली, 'बीवी और मकान', १९६६, आणि दिग्दर्शक कोण तर हृषिकेश मुखर्जी, म्हणजे काही ऐरागैरा माणूस नाही. तरी त्यातला एक डायलॉग कोणाला पाठ आहे का सांगा. मग गोष्टीत जादू असती तर तिथेही झाली असती ना? सचिन, अशोक सराफ, लक्ष्या, सुधीर जोशी, सगळे ग्रेटच आहेत, पण त्यांच्या तोंडात जे आलं ते वसंत सबनीसांनी लिहिलंय, आणि आपण त्यांचं नावच घेत नाही. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य त्यांचं, दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' (१९७१) त्यांनी लिहिलेला, म्हणजे तमाशातली बतावणी, ती हजरजबाबी विनोदी बोलणी, अंगात मुरलेला माणूस. समोरच्याचाच शब्द उचलायचा, जरासा वाकडा करायचा आणि त्याच्याच पदरात टाकायचा, हे तमाशातनं आलेलं आहे.

तो सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. डायबेटिसच्या औषधासाठी आधीच्या घरमालकांनी, सरपोतदारांनी पैसे दिलेत, औषध आणणारा वारला असं धनंजय माने (म्हणजे अशोक सराफ) सांगतो, मग पैशांचं काय, तर तेही वारले. आता तिथे नुसतं 'गेले' लिहून बघा. पैसे जातातच की, रोज जातात, कोण हसणार. पण 'वारले' हा शब्द आपण फक्त माणसासाठी ठेवलाय, आवाज खाली आणून, मान जरा झुकवून बोलायचा शब्द, पेपरातल्या निधन वार्तेतला, आणि तोच तितक्याच गंभीर चेहऱ्याने नोटांना लावला की समोरच्याला भांडताच येत नाही, दुखवट्यात कोण पैसे मागतं? तसंच बाईच्या वेषातल्या मित्राची ओळख करून देताना 'हा माझा बायको'. दोन शब्दांचं लिंग चुकलंय फक्त, पण जे खोटं ते लपवताना जे खरं तेच तोंडातनं निसटलंय. हे इंग्रजीत कोणी करून दाखवावं.

मी हा पिक्चर पहिल्यांदा गणपतीत गल्लीत पडद्यावर पाहिला. पुढची जागा मोठ्यांनी आधीच सतरंज्या टाकून धरलेली, म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसलो, तिकडनंही दिसतं पण सगळं उलटं, डावा हात उजवा होतो आणि सुरुवातीची नावं आरशातल्यासारखी. आम्ही पैज लावून ती उलटी नावं वाचायचो, हिरोंची झाली की वाचणं बंद. लेखकाचं नाव तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, मी वाचलं नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं डायलॉग तोंडपाठ असूनही ते लिहिले कोणी हे मला माहीत नव्हतं, याचं आज खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : ताई एकच सांगा, अशोक मामा की लक्ष्या? ऑफिसात दोन पार्ट्या पडल्यात. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : लक्ष्या. मामांचं टायमिंग जगात कोणाकडे नाही, वाक्याआधी ते जो अर्धा सेकंद थांबतात ना तिथेच अर्धं हसू येऊन जातं, महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली, सगळं योग्यच झालं. पण माझा जीव लक्ष्यावर. 'बनवाबनवी'त पार्वती, म्हणजे ती खोटी बायको, करताना तो बाईची टिंगल करत नाही हे बघा कधी नीट, तो पदर सांभाळत घाबरलेला पुरुष असतो, हसू त्याच्या भीतीचं येतं. (नाशिकच्या ताई, हे लेकीला सांगा.) आणि ज्यांनी 'एक होता विदूषक' पाहिला नाही त्यांनी या वादात पडूच नये असं माझं मत आहे. १९९२ चा, जब्बार पटेलांचा, पटकथा पु. लं.ची. तमाशातला पोरगा सिनेमात नाव काढतो आणि मग राजकारणात ओढला जातो. त्यात लक्ष्या गप्प बसतो तेव्हा काय दिसतो! १६ डिसेंबर २००४ ला तो गेला, जेमतेम पन्नाशीचा. असे अजून चार रोल त्याला मिळायला हवे होते.

प्रश्न : 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सारखी मालिका आता का होत नाही? हल्ली तर लग्नच महिनाभर चालतं. – एक आजोबा, पुणे

उत्तर : आजोबा, टिपरे आठवड्यातनं एकदा यायची, हे मोठं कारण. शिवाय मुळाशी दिलीप प्रभावळकरांची 'अनुदिनी', म्हणजे आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या ही माणसं आधी कागदावर जगलेली. आजच्या डेली सोपला आठवड्याला पाच-सहा भाग लागतात, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, गुरुवारी टीआरपी आला की ठरलेला ट्रॅकसुद्धा बदलतो, कधी सीन कलाकार मेकअपला बसल्यावर हातात पडतो. अशा घाईत शब्द निवडायला वेळ कुठला, मग तोच धक्का तीन चेहऱ्यांवर तीनदा दाखवायचा. लिहिणाऱ्यांना येत नाही असं मी म्हणणार नाही, त्यांना वेळ देत नाहीत. चॅनलवाल्यांनी एक तरी मालिका परत साप्ताहिक करून बघावी, आमच्या घरचे पाच प्रेक्षक पक्के.

प्रश्न : मी बेंगळुरूला असते. ऑफिसच्या मैत्रिणींनी 'धडक' पाहिलाय, त्या म्हणतात स्टोरी सेम आहे मग 'सैराट' कशाला बघू? कसं समजावू? – एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : समजावू नका, शनिवारी घरी बोलवा आणि लावा. स्टोरी सेम, 'झिंगाट' पण आहे तिकडे, अजय-अतुलच आहेत, पण हिंदीत करताना करमाळ्याकडचं गाव उचलून उदयपूरला नेलं आणि नायिकेची, आर्चीची भाषाच सुटली. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, ती बुलेट चालवत जे बोलते ते त्या मातीतलं आहे, ते कोणी शिकवून येत नाही. नागराज मंजुळेंनी तिला प्रमाण मराठी बोलायला लावलं असतं तर पाटलाच्या पोरीचा तो रुबाब आणि परशाच्या बोलण्यातलं दबकं अंतर दोन्ही गेलं असतं, आणि जात कळली नाही तर मग उरतं काय, पळून गेलेली दोन पोरं. सबटायटलमध्ये यातलं निम्मं जाईल, मान्य आहे, तुम्ही शेजारी बसून थोडं सांगत जा. गाण्यांच्या वेळी मात्र आवाज मोठा करा, तो सिंफनी ऑर्केस्ट्रा हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलाय. आणि हैदराबादचा भाग सुरू झाला की तुम्ही बोलणं थांबवा. शेवटच्या त्या मिनिटांत लेखकानेही सगळा आवाज काढून घेतलाय, तिथे भाषांतर करायला काही नाहीच. फक्त शेवट आधी सांगून ठेवू नका, आणि त्यातल्या कोणी 'सेमच तर आहे' म्हणाली तर मला नक्की कळवा.