फिनलंडला निघण्याआधी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

गणपती आटोपले, चाकरमानी मुंबईला परतले आणि त्या गडबडीतच तुझी निवड झाल्याचं कळलं. फिनलंडच्या अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांत तू वयाने सर्वांत लहान. फार आनंद झाला. "सर, तिथे काय काय पाहू?" असं तू विचारलंस. माझं सांगणं एवढंच की, आधी स्वतःच्या शाळेकडे नीट बघ.

तुझ्या शाळेत आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं आहेत. घरी नेपाळी, वर्गात मराठी. मूल चुणचुणीत असलं तरी सुरुवातीचे कित्येक महिने मुकाट बसून राहतं, हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस. हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि मगच विमानात बस. फिनलंडलाही त्याला तोंड द्यावं लागतं. फिनिश किंवा स्वीडिश न येणाऱ्या मुलांसाठी तिथे साधारण वर्षभराचं पूर्वतयारीचं शिक्षण असतं आणि हळूहळू ही मुलं नेहमीच्या वर्गात मिसळतात. या मुलाचं वेळापत्रक कोण बसवतं? भाषा शिकवणाऱ्या बाई आणि वर्गशिक्षक एकमेकांना केव्हा भेटतात, आणि तो वेळ मुख्याध्यापक कुठून काढतात? मूल आता तयार झालं, हे कोण ठरवतं? असं खोदून विचार. प्रश्न हातात नसला की माणूस रंगीत खुर्च्यांचे आणि नुसत्या मोज्यांवर वर्गात वावरणाऱ्या मुलांचे फोटो काढून परत येतो.

आमचा गट जपानला गेला होता, तेव्हा एका प्राथमिक शाळेत गणिताचा तास पाहायला मिळाला. शाळेतले बाकीचे शिक्षक भिंतीला लागून उभे, प्रत्येकाच्या हातात त्या पाठाचं टाचण. शिकवणाऱ्या बाईंकडे कुणी फारसं बघत नव्हतं, सगळे मुलांच्या वह्यांत डोकावत होते. एक शिक्षक तर मागच्या एकाच मुलाजवळ तास संपेपर्यंत उभे राहिले. त्याने कुठे खोडलं, कुठे पेन्सिल थांबली, शेजाऱ्याच्या वहीत केव्हा पाहिलं, सगळं टिपून घेत होते. मुलं घरी गेल्यावर शिक्षक एकत्र बसले, मुख्याध्यापकही त्यांच्यातच. बाईंनी कसं शिकवलं हा विषयच नव्हता. त्या मुलाने तिथेच का खोडलं, यावर बराच वेळ बोलणं चाललं. जपानमध्ये ही रीत शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. तिला ना इमारत लागते ना निधी. आपल्याकडे वर्गनिरीक्षण म्हटलं की लॉगबुकातला शेरा आठवतो, आणि शेऱ्याच्या धास्तीने शिक्षक त्या दिवशी वेगळंच काही शिकवतो. पाहणाऱ्याची नजर शिक्षकावरून मुलाच्या वहीकडे वळवणं हे मुख्याध्यापकाच्या हातातलं काम आहे, हे मला त्या वर्गात उभं राहून समजलं.

दुसरी बाजूही विचारायला संकोचू नकोस. 2018 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचं काम आठवड्याला 56 तास भरलं, सहभागी देशांत सर्वांत जास्त. फिनलंडलाही अशी दुसरी बाजू आहे. पीसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत त्यांच्या मुलांचे गणिताचे सरासरी गुण 2006 मध्ये 548 होते, ते 2022 मध्ये 484 वर आले. अजूनही सहभागी प्रगत देशांच्या सरासरीपेक्षा ते वरच आहेत, पण घसरण मोठी आहे आणि त्यांना तिची काळजी आहे. तिथल्या मुख्याध्यापकांना आदराने विचार, "तुम्हाला सध्या काय जमत नाहीये?" पाहुण्यांसमोर ठरलेलं सादरीकरण संपलं की खरं बोलणं इथून सुरू होतं.

"तिथे शाळा तपासणीच नाही" हे वाक्य तू ऐकशीलच. ते खरं आहे, पण क्रम लक्षात घे. सर्वांसाठी एकसमान शाळा त्यांनी 1972 पासून, उत्तरेकडच्या लॅपलँडपासून सुरू करून, 1977 पर्यंत देशभर नेली. शिक्षकाला पदव्युत्तर पदवी हवी, हे 1970 च्या दशकाअखेरीस ठरलं. तपासणी थांबली ती त्यानंतर, 1990 च्या दशकात. आधीचं सगळं वगळून शेवटचं तेवढं उचललं तर आपल्याकडे मुलांचंच नुकसान होईल.

काय उचलावं आणि काय तिथेच ठेवावं, याचा उत्तम दाखला आपल्या किनाऱ्यावरच आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीचा विचार इटलीतला, त्याची साधनं महागडी. या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून साधनं उभी केली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाने स्वतःच्या हातांनी करून शिकावं, एवढं मात्र त्यांनी जराही ढळू दिलं नाही. जमलं तर दौऱ्याआधी कोसबाडला एक चक्कर मारून ये.

आता सोबतच्या मंडळींविषयी, कारण माझ्या मते निम्मं शिक्षण तिथेच होतं. पऱ्ह्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीतली मुलं अडकतात. त्यांच्यासाठी वाडीतल्याच एका पडवीत मोठ्या मुलांच्या हाताखाली अभ्यासगट कसा चालवायचा, हे मला जपानात, बसमध्ये शेजारी बसलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुख्याध्यापिकेने सांगितलं. इथे आमची भेट व्हायची ती मीटिंगला, आणि तिथे बोलणं व्हायचं ते पट, यू-डायसच्या सरकारी नोंदी आणि पोषण आहाराच्या हिशेबाचं. म्हणून सांगतो, कामं वाटून घ्या. एकाने मधल्या सुट्टीत मैदानावर थांबावं, एकीने शिक्षकांच्या खोलीत, एकाने स्वयंपाकघरात. 1948 पासून फिनलंडमध्ये प्रत्येक मुलाला शाळेत मोफत गरम जेवण मिळतं, ते कसं चालतं हे आपल्या खिचडीच्या दृष्टीने बघण्यासारखं आहे. रात्री हॉटेलवर अर्धा तास बसून प्रत्येकाने पाहिलेलं सांगावं. एकाच गोष्टीचे दोन अर्थ निघाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

परत आल्यावर शिक्षण परिषदेत तुला तासभर बोलायला सांगतील. त्यातली दहा मिनिटं घे. उरलेल्या वेळात शेजारच्या शाळेतल्या कुणाला तरी त्या नेपाळी मुलांजवळ बसून तुझा एक तास पाहायला बोलाव आणि तारीख तिथेच ठरव. एकट्या शाळेचा उत्साह परीक्षेपर्यंत टिकत नाही. दोन-तीन शाळा एकत्र असल्या की एक ढिली पडली तरी दुसरी हाक मारते.

आणखी एक. ऑक्टोबरच्या मध्यावर फिनलंडच्या शाळांना शरद सुट्टी असते आणि तिचा आठवडा भागाप्रमाणे बदलतो. आयोजकांकडून तारखा आताच पडताळून घे. त्या आठवड्यात गेलात तर इमारती दिसतील, मुलं नाही.

तुझे,
सर