एशियाटिकला टाऊन हॉल का म्हणतात?

प्रश्न : मुंबईत हॉर्निमन सर्कलसमोर ‘एशियाटिक’च्या पायऱ्या आहेत. आम्ही तिथे गेलो असताना मुलीने विचारलं, हे ग्रंथालय आहे, तर जुने लोक याला टाऊन हॉल का म्हणतात? ते प्रचंड खांब विलायतेहून आणले होते, हे खरं का? आत काय बघावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कारण ती इमारत टाऊन हॉल म्हणूनच बांधली गेली. ‘एशियाटिक’ची मूळ संस्था, लिटररी सोसायटी, तिच्याहून जुनी. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी ती १८०४ साली परळच्या गव्हर्नर बंगल्यात सुरू केली. शहराला सभा-समारंभांसाठी मोठी वास्तू हवी, हा आग्रहही त्यांचाच. पैसा उभा करायला लॉटरी काढली. तो पुरेना, कामही रेंगाळलं, आणि शेवटी उरलेला भार सरकारने उचलला. १८२१ला सुरू झालेलं बांधकाम १८३३ला संपलं. आराखडा बॉम्बे इंजिनिअर्सच्या कर्नल थॉमस कूपर यांचा. पुढे सोसायटी रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि याच इमारतीत आली. ‘एशियाटिक’ हे नाव तिथून आलं.

खांबांचं म्हणाल, तर ते विलायतेहून आले असंच सांगतात. इथे पोचल्यावर ते फार मोठे वाटले, म्हणून त्यातले काही भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले, अशीही हकिगत आहे. हे डोरिक घाटाचे, उभ्या पन्हळी पाडलेले ग्रीक खांब आहेत. पण नुसते खांब बघून परत फिरू नका. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही समोरून. अथेन्सच्या देवळाला ही अडचण नव्हती. म्हणून इथे खिडक्यांवर लाकडी छत्र्या आल्या. पुष्कळ जाणकार ग्रीक शैलीचा शुद्ध नमुना म्हणून या वास्तूचं कौतुक करतात. मला मात्र त्या छत्र्याच जास्त आवडतात. त्यांच्यामुळे ती मुंबईची झाली.

१८५८मध्ये कंपनीचं राज्य संपलं आणि व्हिक्टोरिया राणीचा अंमल सुरू झाल्याचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. १८६२च्या जानेवारीत मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक भरली तीही टाऊन हॉलमध्येच, आणि त्या कौन्सिलात जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट होते. या वास्तूत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. कारण सोसायटीचं दार हिंदी माणसाला सहजी उघडलं नव्हतं. माणकजी करसेटजींना आधी नकार मिळाला होता. १८४० साली ते पहिले हिंदी सभासद झाले. आणि मग बावीस वर्षांत नाना याच छताखाली कायदे करायला बसले!

तेव्हा आत गेलात की आधी नानांचा संगमरवरी पुतळा बघा. तो इंग्रज शिल्पकार मॅथ्यू नोबल यांनी घडवला. एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे पुतळे चॅन्ट्री या शिल्पकाराचे. मुलीला सांगा, या दोघांच्या हाती सत्ता होती, दोघेही मुंबईचे गव्हर्नर. नाना कौन्सिलात बसले, पण त्यांच्या हाती तशी सत्ता नव्हती, तरी त्यांचा पुतळा त्याच वास्तूत उभा राहिला. दरबार हॉलमध्ये मान वर करून खांबांचे माथे बघा. बाहेरचे साधे, आतले पानाफुलांनी नटलेले कोरिंथियन. गोल जिने आणि लोखंडी कठडेही चुकवू नका.

संग्रहातली प्रत्येक वस्तू दर्शनी नसते. तरी सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना सापडलेला, पवित्र अवशेष ठेवलेला करंडक सोसायटीकडे आहे, हे मुलीला जरूर सांगा. नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथेच बसून वाचत, लिहीत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचंही या संस्थेशी घट्ट नातं होतं. याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे.

सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, दार बंद असेल तर पायऱ्यांवरूनच परतावं लागेल. कामाच्या दिवशी वेळ आधी विचारून जा. आणि वेळ उरला तर भायखळ्याला उतरून त्या चर्चचे खांबही बघून या. दोन्हींची तुलना मुलीलाच करू द्या.