कित्तूरच्या चन्नम्मा राणीचा १५ लाखांचा खजिना आज किती कोटींचा होईल?

एकच आकडा निघत नाही बघा, कशानं मोजता त्यावर १६५ कोटीपण येतात आणि ६४० कोटीपण. १८२४ साली कंपनी सरकार (ईस्ट इंडिया कंपनी) कर्नाटकातल्या कित्तूर संस्थानावर चालून आलं तेव्हा खजिना नि जडजवाहीर मिळून १५ लाख रुपये होते असं सांगतात. त्या काळच्या रुपयात अंदाजे ११ ग्रॅम चांदी, म्हणजे सगळी मिळून साडेसोळा टन, किलोला १ लाख धरला तर १६५ कोटी (भाव रोज हलतोय, जवळच्या सराफाला विचारून घ्या). पण चांदीनं मोजणं मला तरी पटत नाही, कारण राजाला खजिना लागायचा तो फौज पोसायला, आणि कंपनीच्या साध्या शिपायाला तेव्हा महिना ७ रुपये पगार होता, त्या हिशोबानं १५ लाखात जवळजवळ १८ हजार शिपाई वर्षभर ठेवता आले असते की! आजचा पगार ३० हजार पकडा, झाले ६४० कोटी. फक्त एक लक्षात ठेवा, यात जडजवाहीरपण धरलंय त्यामुळं सगळी रोकड नव्हती, आणि संस्थानाचा जमीन महसूल यात आलेलाच नाही.