स्प्रिंगच्या एअर पिस्तुलाची नळी कॉक करताना अर्ध्यावर अडकली, तर ती सुरक्षितपणे कशी सोडवावी?

आपण लिहिता की कॉक करताना, म्हणजे नळी बिजागरीवर खाली वाकवून आतली स्प्रिंग दाबताना, नळी निम्म्याहून थोडी पुढे येऊन अडकली आहे, पूर्ण खालीही जात नाही आणि परतही फिरत नाही, तेव्हा आणखी जोर लावून पाहावा का. लावू नये. हेच दोन शब्द मी काही वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांना वेळेवर बोललो असतो, तर माझ्या उजव्या तर्जनीचे नख आज सरळ असते.

आमचे पिस्तूल ४.५ मि.मी. छर्‍याचे, नळी मोडून कॉक करायचे, अगदी साधे होते. काही दिवस कॉक करताना आत वाळू भरडल्यासारखी खरखर ऐकू येत होती. भाऊजींचे आयुष्य यंत्रांवर काम करण्यात गेलेले, आणि अडलेल्या कोणत्याही यंत्रावर त्यांचे दोनच उपाय ठरलेले आहेत: आधी तेल आणि मग जोर. त्यांनी हवेच्या छिद्रातून शिवणयंत्राचे तेल आत सोडले. पुढचे काही बार फटाक्यासारखे वाजले, नळीतून धूर आला आणि भाऊजी म्हणाले, "बघ, ताकद वाढली." ताकद वाढली होतीच, पण ती पिस्टनच्या तोंडावरच्या वॉशरच्या आणि स्प्रिंगच्या जिवावर, कारण पिस्टनने झटक्यात दाबलेली हवा इतकी तापते की खनिज तेलाची वाफ त्यात पेट घेते, डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवून आणतात ते येथे नको असताना घडते, आणि त्या स्फोटाचा उलटा दणका पिस्टनमार्फत थेट स्प्रिंगवर बसतो.

आठवडाभरात नळी अडकली, आपली अडकली आहे तशीच. आत छर्रा राहिला आहे का हे पाहण्यासाठी मी नळीच्या मागच्या तोंडाशी बोट नेले आणि त्याच क्षणी भाऊजींनी पिस्तूल गुडघ्यावर टेकवून नळीवर भार टाकला. आत काहीतरी कट्‌कन सुटले, त्यांचा हात घसरला आणि नळी मिटली. पुढे कारागिराने पिस्तूल उघडले तेव्हा स्प्रिंग दोन ठिकाणी तुटलेली निघाली, आणि तिचा एक तुकडा पिस्टन आणि आतल्या दांड्याच्या मध्ये पाचरीसारखा बसलेला होता.

तेव्हा अडकलेली नळी शांत दिसली तरी तिच्यामागे अर्धवट दाबलेली स्प्रिंग आहे आणि ती केव्हाही सुटू शकते, असेच धरून चाला. पिस्तुलाचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, चापाला बोट लावू नका, नळी एका हाताच्या पूर्ण मुठीत घट्ट धरा आणि काहीही झाले तरी ती मूठ सैल करू नका. छर्रा आहे की नाही हे डोळ्यांनी पाहा, बोटाने नव्हे. मग नेहमी कॉक करताना लागतो तेवढ्याच जोराने नळी खाली नेऊन पाहा. पिस्टन आपल्या खटक्यात बसल्याचा स्पष्ट आवाज आला, तर नळी सावकाश मिटा, छर्रा भरा आणि भक्कम आडोशावर बार काढून पिस्तूल मोकळे करा. रिकामा बार काढू नका, कारण पुढे हवेची गादी नसली की पिस्टन आपटतो. नळी उघडी असताना चाप ओढणे हा तर हात मोडून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. काही पिस्तुलांत नळी उघडी असताना चाप चालू नये अशी सोय असते, पण ज्या यंत्रात आधीच काही बिघडले आहे त्याच्या सोयीवर भरवसा ठेवू नये.

नळी तेवढ्या जोराने हलली नाही, तर तिला मिटू न देता पक्की जखडून ठेवा आणि जाणकाराला तेथेच बोलवा. घरी उघडण्याच्या फंदात पडू नका, कारण कॉक न केलेल्या पिस्तुलातही स्प्रिंग थोडी दाबूनच बसवलेली असते आणि ती दाबून धरणाऱ्या चौकटीशिवाय मागची पिन काढली, तर आतला ऐवज तोंडावर येतो.

भाऊजी आजही म्हणतात की चूक माझी, मी बोट का घातले. बोट घातले ही चूक मी मान्य करतो. पण बोट नसते तरी त्या झटक्याने नळी वाकलीच असती, स्प्रिंग तर तुटलेलीच होती, आणि ती वेळ खरखर ऐकू आल्याच दिवशी पिस्तूल बाजूला न ठेवता त्यात तेल ओतल्यामुळे आली. आपल्या पिस्तुलात गेल्या काही दिवसांत कोणी तेल सोडले होते का, हे घरात विचारून पाहा.

हे सारे नळी मोडून कॉक करायच्या स्प्रिंगच्या पिस्तुलापुरते आहे. वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या पिस्तुलांत नळीची मागची बाजू वर उचलून पुढे फिरवतात आणि पिस्टन पुढच्या दिशेला दाबला जातो, त्यामुळे तेथे हात ठेवण्याची जागा वेगळी. गॅसच्या किंवा आधी हवा भरून ठेवायच्या पिस्तुलात पहिले काम दाब पूर्ण उतरवण्याचे. आणि भाऊजींच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: जुन्या पिस्तुलांतला चामड्याचा वॉशर वाळू नये म्हणून त्याला अधूनमधून तेलाचे थेंब खरोखरच लागतात. आमच्या पिस्तुलाचा वॉशर कृत्रिम होता, आणि हे मी त्यांना तेल ओतण्याआधी सांगितले होते.