सोसायटीच्या फलकावर वर्षभर साप्ताहिक पान लावतोय. वर्धापनदिन कसा करावा, आणि उपक्रम यशस्वी झाला हे कशावरून ठरवावं?

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि चार वर्षं हाच उद्योग करतोय, म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षी मी रीतसर वर्धापनदिन केला. पेढे, गच्चीवर खुर्च्या, सेक्रेटरींचं भाषण. अकरा माणसं आली, त्यातली चार आमच्याच घरची. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अंगठ्यांचा पाऊस. त्या अंगठ्यांवर जाऊ नका. फोटो मोठा करून न बघताच लोक अंगठा देतात, मीही देतो.

खरी गंमत दुसऱ्या वर्षी कळली. आमची जुनी जाळीची लिफ्ट खाली यायला दीड-दोन मिनिटं घ्यायची आणि फलक तिच्या शेजारीच. लोक उभ्या उभ्या अख्खं पान वाचायचे. मग नवी लिफ्ट बसली आणि माझा वाचकवर्ग महिन्याभरात निम्म्यावर आला! तोवर मी समजत होतो की माझी भाषा ओघवती आहे.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मोजतो: वर्षात किती जणांनी माझी चूक काढली. एका एप्रिलमध्ये मी लिहिलं होतं की १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याहून बोरीबंदरला गेली. संध्याकाळी बघतो तर ‘ठाण्याहून’वर लाल पेनाची काट आणि समासात बारीक, तिरक्या अक्षरात: ‘उलट. बोरीबंदरहून ठाण्याला. ३४ कि.मी. गाव आपलं म्हणून गाडी इथून सोडायची नाही.’ बी विंगमधल्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं काम. मला आधी राग आला, हे खोटं कशाला सांगू? पण त्यांनी पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, आणि घरी जाऊन पेन घेऊन परत आले होते. एवढे कष्ट नुसतं चाळणारा माणूस घेत नाही.

त्या वर्षी अशा सहा दुरुस्त्या आल्या, गेल्या वर्षी चौदा. (त्यातल्या पाच ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि एकाच मावशींच्या. त्यासुद्धा धरल्यात.)

किती वर्षं चाललं, यालाही फार महत्त्व देऊ नका. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं आणि १८४० मध्ये बंद पडलं. तरी आपल्याकडे पत्रकार दिन त्याच तारखेला असतो.

वर्धापनदिनाचं म्हणाल तर आता मी गच्ची घेत नाही. त्या आठवड्याचं पान म्हणजे वर्षभरातल्या माझ्या चुकांची यादी, शेजारी काढणाऱ्याचा फ्लॅट नंबर. पेढे फक्त त्या फ्लॅटमध्ये जातात. यादीच्या पानापुढे, नवी लिफ्ट येऊन उभी राहिली तरी, लोक थांबतात.

आणि एक करा, दर पानाची झेरॉक्स आजपासूनच काढून ठेवा. आमचा फलक पश्चिमेला तोंड करून आहे. पहिल्या वर्षाची माझी सतरा पानं उन्हानं अशी उडालीत की आता नुसती टाचण्यांची भोकं वाचता येतात.