कोब्यावर लाकडी डेक करताय? पट्ट्या ढाळाच्या दिशेनं टाका आणि फळ्यांमधल्या फटी कुणालाही बुजवू देऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. परसदारी १६ बाय १२ फुटांचा जुना कोबा, त्याला भेगा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून जेमतेम ५ इंच खाली. त्यावर लाकडी डेक करायचाय आणि सुतार म्हणतोय, "फळ्यांखालच्या आधाराच्या पट्ट्या भिंतीला समांतर टाकू, भोकं पाडून फिशर मारून स्लॅबला घट्ट करू, म्हणजे फळ्या दारातून सरळ बाहेर जातील, दिसायला झकास." आमच्याकडच्या ठेकेदारानं जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. सुताराला अजून होकार दिला नसेल तर देऊ नका.

आधीच सांगतो, मी सुतारही नाही आणि इंजिनियरही नाही. आमच्या परसात जे झालं आणि नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ते कसं निस्तरलं, तेवढ्यावर लिहितोय. तुमचा स्लॅब जमिनीवरचा आहे असं धरलंय. गच्चीवरचा असेल तर वॉटरप्रूफिंगचा प्रश्न वेगळा, तिथं स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही आणि माझ्या सल्ल्याऐवजी जाणकार माणसाला वर नेऊन दाखवायचं.

कोबा घातलेल्या गवंड्यानं घरापासून बाहेरच्या बाजूला ढाळ दिलेला असतो. शंभराला एक एवढा ढाळ धरला तरी १२ फुटांत साधारण दीड इंच होतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण पाण्याला कळतो. त्या ढाळाला आडव्या पट्ट्या टाकल्या की प्रत्येक पट्टी पाणी अडवून धरते. मी तेव्हा ठेकेदाराला विचारलं होतं, पाणी जाणार कुठून? तो म्हणाला, "वरून फळ्या आहेत की, खाली कितीसं जातंय?" नाव लिहीत नाही, ते भांडण इथं आणायचं नाही.

जूनच्या पहिल्या पावसापर्यंत डेक खरंच देखणा दिसत होता. पाहुणे चपला काढून उभे राहायचे. मग झड लागली. आपल्याकडे जुलैत सूर्य कसा गायब होतो ते तुम्हाला सांगायला नको. फळीवर पाय दिला की फटीतून पाणी वर यायचं. भिंत आणि पहिली पट्टी यांच्यामध्ये तर कायमचं डबकं. आतल्या बाजूला, ओट्याखालच्या भिंतीला, वीतभर उंचीपर्यंत रंगाला फोड आले.

ठेकेदाराला बोलावलं. तो दोन पोरं आणि सिलिकॉनच्या नळ्यांचं खोकं घेऊन आला आणि फळ्यांमधल्या सगळ्या फटी एका दुपारीत बुजवून टाकल्या. "आता वरून थेंब आत जायचा नाही," म्हणाला, आणि त्याचं बिल वेगळं लावलं. आमचं खरं नुकसान या एका दुपारीनं केलं. पट्ट्या आडव्या टाकल्या होत्या ते निस्तरता आलं असतं. पाणी काही फक्त फटीतून जात नाही. ते कडेनं शिरतं, भिंतीवरून उतरतं, भेगाळलेल्या कोब्यातून ओल वर येते. आत गेलेली ओल बाहेर पडायला वाट एकच होती, फळ्यांमधल्या फटी, आणि तीच त्यानं बंद केली.

गणपतीत घरभर कुबट वास. दसऱ्यापर्यंत फळ्यांच्या कडा वर उचलल्या आणि मधे पन्हळ पडली, कारण खालची बाजू ओली राहून फुगत होती आणि वरची उन्हानं आटत होती. दिवाळीनंतर उघडायला घेतलं तर स्क्रूच्या डोक्यांत सिलिकॉन गच्च बसलेलं, प्रत्येक खाच टोच्यानं उकरल्याशिवाय पेचकस बसेना. फळ्या एकमेकींना चिकटलेल्या, ओढल्या की कडेची चिपाडं निघायची. खालून पांढरी बुरशी. पट्ट्या कुठल्याशा स्वस्त पांढऱ्या लाकडाच्या निघाल्या, पेचकस त्यांच्यात उकडलेल्या गाजरात घुसावा तसा घुसत होता. आणि ज्या सागवानी फळ्या वाचल्या, त्यांच्या कडांवर तेल धरेना. सिलिकॉनचा अंश राहिला की वर काहीच धरत नाही. शेवटी प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना रंधा मारावा लागला, फळ्या अरुंद झाल्या, डेकची रुंदी कमी पडली आणि लाकूड परत विकत घ्यावं लागलं. ठेकेदार म्हणे लाकूड वाईट, वखारवाला म्हणे पॉलिश वाईट, पॉलिशवाला म्हणे पाऊस जास्त. पैसे मात्र आमचे गेले. आजही कुणी डेकच्या फटीत सिलिकॉन भरताना दिसला की मला राहवत नाही.

आता तुमच्या मापांवर बोलू.

पट्ट्या ढाळाच्या दिशेनं, म्हणजे भिंतीपासून बाहेर १२ फूट लांब टाका. फळ्या त्यावर आडव्या, भिंतीला समांतर येतील. दारातून सरळ जाणाऱ्या फळ्यांचा देखावा मिळणार नाही, तो सोडून द्या. अगदीच हवा असेल तर पट्ट्या आडव्या टाकूनही जमतं, पण मग प्रत्येक पट्टी दीड-दीड फुटावर पॅडवर उचललेली पाहिजे आणि खालून पाणी मोकळं वाहिलं पाहिजे. सुतार ते मनापासून करेल याची खात्री असेल तरच त्या वाटेला जा.

तुमच्या ५ इंचांचा हिशोब असा. डेकचा माथा उंबऱ्याच्या दीड इंच तरी खाली ठेवा, नाहीतर वाऱ्याचा पाऊस सरळ स्वयंपाकघरात. उरले साडेतीन इंच. १ इंचाची फळी, २ इंचाची पट्टी, अर्ध्या इंचाचं पॅड. भिंतीकडे अर्धा इंच पॅड, तर बाहेरच्या टोकाला कोबा दीड इंच खाली गेलेला असल्यामुळे २ इंच लागेल. मी तर म्हणेन डेक पाणसळीत अगदी सपाट करूच नका, त्यालाही बाहेरच्या बाजूला अर्धा इंच ढाळ द्या. मग टोकाचं पॅड दीड इंचावर येतं आणि फळ्यांवरचं पाणीही थांबत नाही. पॅड रबराचं किंवा कडक प्लास्टिकचं. लाकडाची ढलपी, फरशीचा तुकडा, विटेचं खांड यातलं काहीही सुतारानं पट्टीखाली सारलं तर ते तिथल्या तिथं काढायला लावा. लाकूड कुजतं, फरशी फुटते, आणि फळ्या बसल्यावर खाली हात जात नाही. दुसऱ्या एखाद्या वाचकाकडे उंबऱ्यापासून ४ इंचच असतील, तर त्यानं लाकडाचा नाद सोडावा आणि शहाबादी फरशी घालावी. हवेला जागा नसलेला डेक करण्यापेक्षा तो न केलेला बरा.

स्लॅबला फिशर मारू नका. तुमच्या डेकला साधारण २० घनफूट लाकूड लागेल: फळ्यांना १६, पट्ट्यांना चार-साडेचार, शिवाय घट वेगळी. सागवान घनफुटाला १८ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे सगळं मिळून साडेतीनशे किलोंच्या वर. ते कुठं हलणार नाही. भोक पाडलं की स्लॅबखालच्या ओलीला आणि वाळवीला रस्ता मिळतो.

एकच अपवाद. तुम्ही राहता कुठं ते लिहिलेलं नाही. कोल्हापुरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये जिथं पंचगंगेच्या पुराचं पाणी आलं, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला, तिथं घर असेल तर हा डेक पुरात तरंगेल. लाकूड पाण्याहून हलकं आहे, आख्खा सांगाडा उचलून दारावर येऊन बसेल. अशा घरात ४ बाय ४ फुटांचे सुटे तुकडे करून घ्या. एकेक तीसेक किलोचा होतो, दोघांना उचलता येतो. राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की ते तुकडे वर नेता येतात.

पट्ट्यांमधलं अंतर मध्य ते मध्य १६ इंच, १६ फुटांत तेरा पट्ट्या बसतात. १६ फुटी सरळ फळी सहसा मिळत नाही, ८ फुटी घ्याल. जिथं दोन फळ्यांची टोकं भेटतात तिथं एकाच पट्टीवर दोन्ही टोकं ठोकू देऊ नका. शेजारी-शेजारी दोन पट्ट्या, मधे बोटभर जागा. म्हणजे त्या सांध्यांपुरत्या काही पट्ट्या जास्त लागतील. टोकाजवळचा स्क्रू आधी बारीक भोक पाडूनच मारायचा. कापलेलं प्रत्येक टोक लगेच तेलानं भिजवायचं, कारण लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी पितं. पट्टीच्या माथ्यावर डांबरी फेल्टची किंवा ब्यूटाइल टेपची पट्टी चिकटवा. स्क्रूभोवतीचं पाणी लाकडात मुरत नाही, आणि खर्च फार नाही.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, ३०४ ग्रेडचे. साधे काळे किंवा पिवळसर मुलाम्याचे स्क्रू सागाला, ऐनाला, बाभळीला लावले की वर्षात प्रत्येक डोक्याभोवती काळा डाग पडतो आणि तो लाकडाच्या आत उतरलेला असतो.

फटी. लाकूड एप्रिल-मेचं कोरडं असेल तर ५-६ मिलिमीटर, कारण ते पावसात फुगणार. पावसाळ्यात आणलेलं ओलं असेल तर फट थोडी कमी चालेल, ते पुढं आटणार. पण ओलं लाकूड घेऊच नका.

लाकूड कुठलं? सागवान उत्तम, पण फक्त गाभ्याचं. वखारीत फळीच्या कडेला फिकट पांढरा पट्टा दिसला की ती बाजूला ठेवा, सागाचंसुद्धा पांढरं लाकूड वाळवीला आणि बुरशीला टिकत नाही. बजेट कमी असेल तर सह्याद्रीतला किंजळ किंवा ऐन बघा, पण नीट वाळलेला. माझी स्वतःची आवड विचाराल तर जुन्या वाड्याच्या तुळया. आपल्याकडे पडलेल्या वाड्यांचं सागवान विकायला येतं, पिढ्यान्पिढ्या वाळलेलं. फक्त आतले खिळे शोधून काढल्याशिवाय सॉ मिलवाला ते पात्यावर घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पाइन घेणार असाल तर "ट्रीटेड आहे" या शब्दावर जाऊ नका. प्रेशरनं आतपर्यंत औषध घातलेलं आणि वरून ब्रश फिरवलेलं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक टोक कापायला सांगा. आतला रंग पूर्ण वेगळा, कोरा दिसला तर ते वरवरचं आहे.

डब्ल्यूपीसीबद्दल, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांबद्दल, विचारलंय म्हणून थोडक्यात: त्यालाही ढाळ, हवा आणि फटी तेवढ्याच लागतात, आणि मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी उभं राहवत नाही. पट्ट्यांच्या जागी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) किंवा ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप मात्र चांगले, कोल्हापूरच्या उद्यमनगरात मापानं कापून मिळतात. पाइपाची टोकं उघडी ठेवा, नाहीतर आत पाणी साठतं.

काम सुरू करण्याआधी कोब्यावर दोन बादल्या पाणी ओता आणि तासाभरानं बघा. जिथं साचलंय तिथं खडूनं गोल काढा आणि गवंड्याकडून तेवढेच खड्डे पॉलिमर घातलेल्या मालानं भरून घ्या. नुसतं सिमेंट पातळ थरात धरत नाही. केसासारख्या भेगांची काळजी करू नका. हातोडीनं ठोकून कुठं पोकळ वाजलं तर तो भाग उकरावा लागेल. वाळवीचं औषध याच वेळी, भिंत आणि कोब्याच्या सांध्यात फूट-फूट अंतरावर भोकं पाडून. ही भोकं औषध भरून लगेच बंद करतात, फिशरच्या भोकांशी त्यांची गल्लत नको. डेकची कड भिंतीपासून इंचभर लांब ठेवा, वाळवीची मातीची नळी वर चढायला लागली तर दिसली पाहिजे.

ड्रेनेजचं चेंबर कोब्यात असेल तर त्याच्यावरचा तुकडा उचलता येईल असाच करा. आणि बाहेरच्या कडेला फळी मारून तोंड बंद करू नका, बारीक स्टीलची जाळी लावा. हवा खेळते आणि उंदीर आत शिरत नाहीत. उंदीर शिरले की त्यांच्या मागं घोणस येते, आणि घरात पोरंबाळं असतील तर हे विसरून चालत नाही.

फळ्यांवर व्हार्निश, पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) असलं काही नको. उन्हानं त्याचा पापुद्रा सुटतो आणि खाली पाणी अडकतं. मुरणारं डेक ऑइल, दरवर्षी पावसाच्या आधी एक हात. कच्चं जवसाचं तेल स्वस्त पडतं, पण आपल्या पावसात त्यावर बुरशी धरते.

लाकूड फेब्रुवारीत घेऊन सावलीत, मधे काड्या घालून थप्पी लावा आणि काम एप्रिलमध्ये. जून उजाडला तर सरळ दिवाळीनंतर. तोवर उंबऱ्यापासून कोब्यापर्यंतची उंची दोन्ही कोपऱ्यांत आणि बाहेरच्या टोकाला पाण्याच्या नळीनं मोजून इथं टाका, पॅडची मापं काढून देतो.